घरचे चित्रभांडार : काय जमवावे, कसे जपावे



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सीमाभागाचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर अधिकारी मंडळींची भाषणे झाली आहेत. मी पेशाने होमिओपॅथ. चित्रपटाचा पंडित नाही. गेली चाळीस वर्षे दवाखान्यातून उरलेल्या वेळात घरात जुने चित्रपट जमवत आलो, एवढाच माझा अधिकार. त्या अधिकारात आज एका साध्या प्रश्नाचा विचार तुमच्यापुढे ठेवतो. मराठी घरात चित्रपटांचा आणि दूरदर्शन मालिकांचा संग्रह करायचा, तर त्यात काय असावे आणि ते टिकावे कसे?

हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. घर रंगवायला काढलेले असते, वडिलांच्या व्हिडिओ कॅसेटींच्या दोन पेट्या माळ्यावरून खाली येतात, रद्दीवालाही त्या घेत नाही. मग तपासून झाल्यावर हळूच विचारणा होते, ‘‘डॉक्टर, टाकून देऊ का?’’ मी म्हणतो, ‘‘थांबा. आधी यादी करून आणा.’’

असे का म्हणतो, याचे उत्तर मराठी चित्रपटाच्या इतिहासात आहे. या इतिहासात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. ज्या चित्रपटाची प्रत एकाच ठिकाणी राहिली तो गेला; ज्याच्या प्रती अनेक हातांत राहिल्या तो वाचला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर हे अधिकच लागू आहे. आपल्या कित्येक घरांतली नातवंडे मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. त्यांच्या कानावर जुने, सकस मराठी पडण्याचा एक भरवशाचा मार्ग म्हणजे घरातला हा पडदा.

जे गेले

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, शिकले मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात. बडोदेकर मराठी मंडळींनी हा दुवा अभिमानाने सांगावा असा आहे. हा चित्रपट चार रिळांचा होता. आज पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे मिळते, आणि तेही १९१३ चे नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे असावे, असे अनेक जाणकारांचे मत आहे. त्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र बराचसा शिल्लक आहे. त्यात त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले मूठभरच हाती उरले, आणि त्या मूठभरांतही बरेचसे तुकडे.

कोल्हापूरकडे वळू. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, १९२३ साली ‘सिंहगड’. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. देवदेवतांच्या कथांचा तो काळ. त्या काळात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा पडद्यावर आणणारा हा मूकपट आज आपल्याला पाहता येत नाही. पेंटरांनी पुढे १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा हाताळला. मूळ कृतीबद्दल आपण फक्त वाचतो.

आमच्या सीमाभागाला जवळचे आणखी एक उदाहरण सांगतो. कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला होता. कन्नड बोलपटाचा पाळणा मराठी मुलखात हलला, ही गोष्ट दोन्ही भाषांनी प्रेमाने सांगावी अशी आहे. पण तो चित्रपट आज उपलब्ध नाही. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१), त्याचेही तेच झाले.

हे सगळे कुणी मुद्दाम नष्ट केले नाही. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती झपाट्याने पेट घेते, आणि नाही पेटली तरी उष्ण, दमट हवेत हळूहळू चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. शिवाय फिल्मवरच्या थरात चांदी असे. चालून झालेल्या चित्रपटाची रिळे विकून, धुऊन ती चांदी काढून घेतली जाई. निर्मात्याच्या दृष्टीने ती अडगळ होती आणि अडगळीतून दोन पैसे सुटत होते. कधी आपत्तीही आली. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत, १९४८ साली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यात ‘मीठभाकर’ गेला आणि भालजींनी तो नव्याने उभा केला. असे धैर्य किती जणांत असते?

जे राहिले, ते का राहिले

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार. तिचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे त्यात हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. आज पाहायला मिळणाऱ्या भारतीय बोलपटांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. ‘आलम आरा’ गेला आणि जेमतेम वर्षभराने आलेला ‘अयोध्येचा राजा’ राहिला.

प्रभात बंद पडल्यावर तिच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आले. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथले पी. के. नायर यांनी गोदामांतून, जुन्या थिएटरांतून, निर्मात्यांच्या वारसांकडून रिळे जमवली. फाळक्यांचे जे काही आज दिसते ते मुख्यतः नायरांच्या चिकाटीमुळे. त्यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट केला आहे. तो संग्रही असावाच. जपणाऱ्या माणसावरचा चित्रपटही जपायला हवा.

पण सरकारी संग्रहालय झाले म्हणजे आपले काम संपले, असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुनी मूळ रिळे जळाली. ज्यांची नक्कल आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतलेली होती, तेवढी टिकली.

इथे माझ्या समाजातला एक दाखला देतो. कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या बसदीत धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धान्तग्रंथांची ताडपत्रे शतकानुशतके सांभाळलेली होती. भाविक दर्शन घेत. पण वाचणारे जवळजवळ कुणी नव्हते, आणि दुसरीकडे प्रती नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर-मुंबईकडच्या श्रावकांनी खटपट करून नकला करण्याचे काम सुरू करवले. १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून धवलेचे खंड छापून येऊ लागले. आज ते कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात मिळतात. कुलपाने ग्रंथ सांभाळला यात शंका नाही, पण तो लोकांपर्यंत आला आणि खऱ्या अर्थाने सुरक्षित झाला तो नक्कल झाल्यावर. चित्रपटालाही हाच न्याय लागू आहे.

पडदा घरात आला

सर्वसामान्य माणसाच्या हातात चित्रपटाची प्रत येणे, ही अगदी अलीकडची गोष्ट. व्हीएचएस हा कॅसेटचा प्रकार जपानमध्ये १९७६ साली निघाला. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि त्यामागोमाग गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या उघडल्या. आमच्याकडे हिंदी कॅसेटी भाड्याने सहज मिळत. मराठी मात्र पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर यायच्या. त्या हातोहात फिरत आणि परत येईपर्यंत त्यांची फीत सुरकुतलेली असे.

नव्वदीच्या अखेरीस व्हीसीडी आली. एका तबकडीत साधारण सत्तर-ऐंशी मिनिटे मावत, म्हणून एका चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागत, आणि नायिकेच्या डोळ्यांत पाणी आले की नेमकी तबकडी बदलायची वेळ येई! चित्र डीव्हीडीच्या मानाने अस्पष्ट, पण किंमत परवडणारी. पुढे डीव्हीडी आली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा बाजार पार बदलला. मराठी चित्रपट पहिल्यांदा किराणा दुकानाच्या काउंटरवर दिसू लागले. दामले घराण्याच्या पुढच्या पिढीने प्रभातचे चित्रपट याच मार्गाने घराघरांत पोचवले. हे मोठेच काम झाले.

तो काळ फार टिकला नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळ्यात निघाली. नव्या संगणकांत तबकडीची खाचच नसते. लोक म्हणतात, आता सगळे मोबाइलवर मिळते. मिळते, पण ते आपल्या मालकीचे नसते. करार संपला की चित्रपट त्या सेवेवरून निघून जातो. आणि जुन्या मराठी चित्रपटांचे जे तिथे दिसते, ते पुष्कळदा कापलेले, ताणलेले, मध्यभागी कुणाचा तरी शिक्का मारलेले असते.

काय जमवावे

आता मुख्य मुद्दा. शंभर नावांची यादी देणे सोपे आहे. पण कपाटात जागा मोजकी असते आणि घरच्यांची सहनशक्तीही. म्हणून प्रत्येक शिफारशीमागचे कारण सांगतो.

आरंभ ‘संत तुकाराम’ने (१९३६) करावा. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचे. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाचा गौरव झाला. पण तो पाहावा गौरीने केलेल्या जिजाईसाठी. संसाराचा गाडा ओढणारी, नवऱ्यावर तोंडसुख घेणारी आणि त्याच्यावरच जीव टाकणारी ही बाई एकदा नीट पाहिली की भक्ती आणि भाकरी यांतला ताण वेगळा समजावून सांगावा लागत नाही. यातली शांताराम आठवले यांनी लिहिलेली एक रचना लोक तुकोबांचाच अभंग समजत आले आहेत, इतकी ती त्या भाषेत मुरलेली आहे. त्या काळच्या प्रभातमध्ये कोण कोण होते तेही मुलांना सांगावे. तुकोबांवरच्या चित्रपटाचे एक दिग्दर्शक शेख फत्तेलाल आणि प्रभातच्याच ‘संत ज्ञानेश्वर’मधले (१९४०) ज्ञानेश्वर म्हणजे नगरचे ख्रिस्ती शाहू मोडक.

दुसरा ‘कुंकू’ (१९३७). ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी ते लग्न मनाने मान्य करायचे नाकारते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांचा अभिनय आजही ताजा वाटतो. यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचे गाणे, एवढ्यावरच सगळा परिणाम साधला आहे. घरात शांतता असताना, दिवे मालवून पाहावा.

तिसरा ‘माणूस’ (१९३९). पोलीस शिपाई आणि वेश्या यांची ही कहाणी. नायिका शांता हुबळीकर मूळच्या हुबळीकडच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. चौथा ‘शेजारी’ (१९४१). दोन शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान, आणि गावात येऊ घातलेले धरण. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार; हिंदी ‘पडोसी’त मझहर खान आणि जागीरदार. तिथे मझहर खान यांनी हिंदू ठाकूर केला आणि जागीरदारांनी मिर्झा. शक्य असल्यास दोन्ही आवृत्त्या ठेवाव्यात. प्रभातचे पुष्कळ चित्रपट असे दोन भाषांत निघाले. हिंदी प्रांतात राहणाऱ्या इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांनी दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले, तर भाषांतर म्हणजे काय असते, याचा धडाच मिळेल.

प्रभातबाहेर पडू. मास्टर विनायक यांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आचार्य अत्र्यांच्या लेखणीतला. ब्रह्मचर्याचे सोंग, व्यायामशाळांचा आवेश आणि मीनाक्षीबाईंचा त्या काळाला धक्का देणारा पोहण्याचा पोशाख. आजी-आजोबांच्या तरुणपणी मराठी समाज किती मोकळेपणाने स्वतःवर हसत होता, ते यात दिसते. अत्र्यांचाच ‘श्यामची आई’ (१९५३) हा पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारात राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट. आईची भूमिका वनमाला यांची. त्यांच्या घराण्याचे ग्वाल्हेर संस्थानाशी नाते होते आणि उत्तरायुष्यात त्या ग्वाल्हेरलाच राहिल्या. ग्वाल्हेरच्या मराठी घरात हा चित्रपट नसेल, तर आश्चर्यच म्हणायचे.

त्याच वर्षीचा पु. ल. देशपांडे यांचा ‘गुळाचा गणपती’ विसरू नका. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, म्हणून आम्हाला ते आपले वाटतात. लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका, सगळे त्यांचेच. वाचता न येणाऱ्या नातवंडाला पु. लं.ची ओळख करून द्यायची तर इथून सुरुवात करावी.

‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) हाही त्याच वर्षीचा. दिग्दर्शन शांताराम आठवले यांचे, तेच तुकारामाचे गीतकार. वहिनी झालेल्या सुलोचनाबाई चिक्कोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. मराठी पडद्यावरची ‘आई’ ही प्रतिमा ज्यांनी घडवली, त्या बेळगाव जिल्ह्याच्या लेक होत्या, हे इथल्या मुलांना कुणी सांगितलेले नसते.

राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके हे त्रिकूट म्हणजे पन्नाशीच्या दशकातले मध्यमवर्गीय मराठी मन. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) हसवायला आणि ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) रडवायला, असे दोन तरी घ्यावेत. माडगूळकरांचे संवाद ऐकताना मराठी किती कमी शब्दांत किती बोलते, ते कळते.

तमाशाप्रधान चित्रपटांना नाक मुरडणारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांनी अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पाहावा. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. नायिका हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिले आणि त्या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटील त्यात नायिका. हे दोन्ही चित्रपट एकाच खणात शेजारी ठेवावेत. एकीत पडद्यावरची बाई दिसते, दुसऱ्यात पडद्यामागची.

भालजींचा एक तरी हवा. माझी निवड ‘साधी माणसं’ (१९६५). संगीतकार म्हणून नाव ‘आनंदघन’ असे लागते. त्या दुसऱ्यातिसऱ्या कुणी नसून लता मंगेशकर.

शेवटी डॉ. जब्बार पटेल. बालरोगतज्ज्ञ दिग्दर्शक, आणि ‘सामना’मध्ये (१९७५) त्यांच्या कॅमेऱ्यापुढे घशाचे शल्यविशारद डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले. आम्हा वैद्यक व्यवसायातल्या लोकांना हा चित्रपट आपल्या घरचा वाटतो! लेखन विजय तेंडुलकरांचे. साखर कारखान्याच्या सत्तेची ही तपासणी अजून जुनी झालेली नाही. त्याच्या जोडीला अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा ‘सिंहासन’ (१९७९) आणि गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा ‘जैत रे जैत’ (१९७७) ठेवावा. महाराष्ट्राबाहेर राहून महाराष्ट्राचे राजकारण आणि डोंगरकपारीतले आदिवासी जीवन समजून घ्यायला हे तीन पुरेत.

घरातल्या तरुणांसाठी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) असू द्या. त्यांना त्यातले संवाद पाठ असतात. त्या दारातून आत आलेला मुलगा कधीतरी ‘ब्रह्मचारी’पर्यंत पोचतो, हा माझा अनुभव आहे.

दूरदर्शनचा ठेवा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशींच्या ‘चिमणराव’ला दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी घरोघर नेले. पण दूरचित्रवाणीची अवस्था चित्रपटाहून नाजूक. टेप महाग असे, म्हणून ती पुसून तिच्यावर नवे चित्रण करण्याची रीत जगभर होती. बीबीसीनेही आपल्या ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे कित्येक भाग असेच पुसले. त्यांतले काही पुढे खासगी संग्राहकांकडे आणि परदेशी केंद्रांवर सापडले. न सापडलेल्या भागांचा आवाज तेवढा शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी बसून तो टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. सामान्य घरातल्या छंदाने एका देशाचा ठेवा राखला, याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

म्हणून माळ्यावरच्या कॅसेटींत ज्यांवर हाताने काहीतरी लिहिलेले असते, त्या आधी पाहा. बाजारात आलेली कॅसेट दुसरीकडेही असेल. कुणी तरी टीव्हीवरून उतरवून घेतलेले नाटक, मुलाखत, नाट्यसंमेलनाचा वृत्तान्त कदाचित तुमच्याकडेच असेल.

मालिकांमध्ये माझी एक आग्रहाची जोडी आहे. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) शीर्षक भूमिका गजानन जागीरदारांची आणि आनंदीबाई ललिता पवारांची. त्यानंतर चार दशकांनी त्याच जागीरदारांनी रणजित देसाईंच्या कादंबरीवरून दूरदर्शनसाठी ‘स्वामी’ मालिका दिग्दर्शित केली. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई. पेशवाईचा तोच काळ, तोच कलावंत, एकदा तरुणपणी पडद्यावर आणि एकदा आयुष्याच्या संध्याकाळी कॅमेऱ्यामागे. दोन्ही मिळून एक व्याख्यान होते.

कसे जपावे

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली लांबी. वेष्टनावर दिलेली मिनिटे मूळ लांबीच्या जवळ आहेत का? गाणी कापून सव्वा तासात बसवलेल्या प्रती पुष्कळ आहेत. दुसरी चौकट. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे. ते आजच्या रुंद पडद्यावर ताणले की दुष्काळातले तुकोबाही गरगरीत दिसू लागतात! टीव्हीच्या सेटिंगमध्ये चौकट मूळ प्रमाणात ठेवावी. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्याव्यात. तिसरी गोष्ट, व्हीसीडी आणि डीव्हीडी दोन्ही मिळत असतील तर डीव्हीडीच घ्यावी.

आपली हवा हा खरा शत्रू. बेळगावचा पावसाळा काय आणि गोव्याचा काय, फितीवर पांढरी बुरशी धरतेच. बुरशीची कॅसेट कधीही प्लेअरमध्ये घालू नये. ती यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशी कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी, मग लगेच संगणकावर उतरवावी. चालू अवस्थेतला व्हीसीआर कुणाकडे असेल, तर त्याला सोन्यासारखे जपावे. कॅसेट उभी ठेवावी, आडवी रचू नये. तबकडी मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये, कागद चिकटवू नये. घरी लिहिलेल्या तबकड्यांवरचा रंगाचा थर उन्हाने खराब होतो, म्हणून त्या खिडकीपासून दूर ठेवाव्यात.

नकलेचा साधा नियम असा : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या घरी. तबकडी कपाटात, एक नक्कल हार्ड डिस्कवर आणि दुसरी डिस्क बहिणीकडे किंवा मुलाकडे. हार्ड डिस्कही मरते. ती वर्षातून एकदा तरी जोडून पाहावी.

कायदाही माहीत असावा. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे प्रभातचे सर्व चित्रपट त्या मुदतीबाहेर गेलेले आहेत. नंतरच्या काळातल्यांची अधिकृत प्रत विकत घ्यावी. जुन्या चित्रपटांची चांगली प्रत काढायला कुणीतरी पैसा घालतो. आपण ती विकत घेतली तर पुढची निघते.

आणि प्रत्येक प्रतीबरोबर एक कार्ड ठेवा. आम्ही रुग्णाची केस लिहून घेतो, तशी : चित्रपटाचे नाव, साल, कोणाचे, लांबी किती, कुठून मिळाला, घरात कुणी आणला. शेवटचा रकाना फालतू वाटेल. पण ‘आजोबांनी १९८८ साली पुण्याहून आणली’ ही एक ओळ वाचून नातू कॅसेट टाकून देत नाही.

आमच्यात ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी करतात. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, धूळ झटकायची, कीड लागली का ते पाहायचे, नवे बासन बांधायचे. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा हा दिवस किती विचाराने ठरवला असेल! धर्म कोणताही असो, असा एक दिवस प्रत्येक मराठी घराने आपल्या चित्रसंग्रहासाठी ठेवायला हरकत नाही. तबकड्या काढाव्यात, दोन-चार लावून पाहाव्यात, यादी ताजी करावी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक चित्रपट बघावा.

आपल्या संस्थेलाही एक विनंती. प्रत्येक सभासदाने आपल्या घरच्या संग्रहाची यादी संस्थेकडे द्यावी. वस्तू घरातच राहू देत, यादी तेवढी एकत्र होऊ द्या. बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथल्या मंडळांनी या याद्या एकमेकांना पाठवल्या, तर कुठल्या चित्रपटाच्या चार प्रती आहेत आणि कुठल्याची एकच उरली आहे, ते कळेल. ज्याची एकच उरली, त्याची नक्कल आधी करू.

घरी गेल्यावर माळ्यावर एक नजर टाकावी, एवढीच विनंती.